मोठ्यानं बोल

वूच शहरात जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
आमच्या तळघरात मात्र ऋतू नाही:
बारा तास उजेड, बारा तास काळोख,
भिंतीवरच्या घड्याळाच्या हुकमानं.
मी उंदरांचं दाणापाणी बघते
आणि जखमा मोजते.

एकशे चौदा नंबर काळाकुळकुळीत, गरगरीत.
खातो, पाणी पितो, परत खायला वळतो.
पोट भरलं हे त्याला कधी कोणी सांगितलेलंच नाही.
त्याच्या चरबीला एक शब्द उच्चारता येत नाही: लेप्टिन.
ग्रीकांच्या भाषेत त्याचं मूळ म्हणजे बारीक, सडसडीत.
चरबीनं आपल्या पत्राखाली अशी सही करावी!
पहिल्या दिवशी मी हसले होते.

पाठीवर जखम, करंगळीच्या नखाएवढी.
पारदर्शक कागद ठेवून मी तिची कड गिरवते,
नदीनं काठ किती खाल्ला बघणाऱ्या मोजणीदारासारखी.
शेजारच्या सडपातळ उंदराची केव्हाच मिटत आली,
याची तशीच, आ वासून.
मग दिवसातून दोनदा थेंब सुरू झाले, थेट जखमेवर,
आणि पाचव्या दिवशी माझी रेघ
कालच्या रेघेच्या आत पडली.
कडेच्या पेशी निघाल्या होत्या,
ओल्या फरशीवरून चवड्यांवर चालावं तशा.

घरी आई. गेनोवेफा.
कापडगिरणीत तीस वर्षं मागापुढं उभी.
नडगीवरची जखम आता दोन वर्षांची,
बाळाचं वय सांगावं तसं ती सांगते.
काचेच्या बरणीत हंसाची चरबी, तोंडाला फडकं बांधलेलं.
मी नसताना लावते. वास लपत नाही.
"आई, हे लावायचं नसतं."
"माझ्या आईनं लावलं. रेशनच्या हिवाळ्यात
हेच तर पावावर खाल्लं."

दवाखान्यात तिला काट्यावर उभं करतात.
डॉक्टर आकडा लिहून घेतो,
ती कोटाची बटणं लावताना खाली बघते.
अंगावर चरबी चढली
की ती डोक्यातही चढली असं लोक धरून चालतात.

काल मलमपट्टी करताना तिनं विचारलं,
"तुझ्या उंदराकडे नाही ते माझ्याकडे ढीगभर असेल की.
मग माझी का भरत नाही?"

आहे, आई, ढीगभर आहे.
रात्रंदिवस हाका मारतंय.
पेशींचेच कान बसलेत,
मागांच्या खडखडाटात तुझे बसले तसे.
आणि दुसरं एक आहे, ॲडिपोनेक्टिन,
कातडीच्या पेशींना उठा, चला म्हणणारं.
त्याची रीत उलटी:
चरबी वाढत जाते तसं ते कमी कमी बाहेर पडतं,
पाहुण्यांनी घर भरल्यावर
आतल्या खोलीत गप्प बसून राहणाऱ्या माणसासारखं.

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली.

मी मोठ्यानं बोलले.
शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू गेलं असेल.
ती हसली. "ओरडू नकोस गं.
गिरणीत कोण ओरडायचं? आम्ही ओठ वाचायचो.
चार मागांपलीकडून याड्विगा म्हणायची,
दुकानात बटाटे आलेत, रांगेत नंबर धर,
आणि मला कळायचं."

तेव्हापासून विचार करतेय,
बहिऱ्या झालेल्या पेशीला
ओठ वाचायला कोण शिकवेल.
आमच्या तळघरात त्यावर प्रयोग नाही.

पट्टीचं शेवटचं टोक चिकटवलं.
"आणि तुझा तो जाड्या? भरली त्याची?"

भरली. अकराव्या दिवशी जवळजवळ सगळी.
चौदाव्या दिवशी ती नवी कातडी काचपट्टीवर घ्यायची असते:
मेण, पातळ काप, गुलाबी-जांभळा रंग.
मी नुसते ओठ हलवले, आवाज न करता.

आईनं वाचलं.
बरणीचं फडकं सोडलं,
आणि परत घट्ट बांधलं.